सड्यावर पावसानं गाठलं तर: कणकुंबी-जांबोटीच्या डोंगरात नव्यानं जाणाऱ्यांसाठी

सकाळी सात वाजता बेळगावात टिळकवाडीतला रस्ता कोरडा असतो. पिरनवाडी मागे पडली की काचेवर भुरभुर सुरू होते, किणयेच्या पुढं वायपर लावावा लागतो, आणि जांबोटी सोडून कणकुंबीकडं चढ लागला की समोरच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसतात. अंतर जेमतेम 45 किलोमीटर. बेळगाव शहरात वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पाऊस पडतो. कणकुंबी-आमगाव पट्ट्यात त्याच्या कितीतरी पट. शहरातलं आभाळ बघून डोंगराचा बेत ठरवणारे दरवर्षी इथंच फसतात. पहिल्या वर्षी मीही फसलो होतो, ते पुढं सांगतो.

पहिल्यांदाच डोंगरात जाणाऱ्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या काळजीनं जागणाऱ्या घरच्यांसाठी हे लिहितोय. ऐन पावसाळा आणि वळीव, दोन्ही धरून. सुरुवातीलाच मनात पक्कं करा: चढताना पाऊस आला तर माणूस फक्त भिजतो. आमच्या डोंगरात खरी अडचण होते ती परतताना, सकाळी घोटाभर पाण्यातून हसत-खेळत ओलांडलेल्या ओढ्यापाशी. म्हणून वर कसं जायचं यापेक्षा मागं कसं यायचं याचा विचार आधी करायचा.

आदल्या दिवशी

हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघा. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग सगळ्यांना माहीत असतात. त्यामागचे आकडेही माहीत हवेत. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे 'जोरदार', 115.6 च्या वर 'अति जोरदार' आणि 204.4 च्या वर 'अत्यंत जोरदार'. नारिंगी किंवा लाल असेल तर बेत रद्द, त्यावर चर्चाच नको. पिवळा असेल तर ओढा न ओलांडता जाता येईल अशीच जागा निवडा. इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो हेही विसरू नका. अथणीत ऊन आणि चोर्ल्यात मुसळधार हे एकाच दिवशी, एकाच जिल्ह्यात घडतं.

दुसरं, ढगांतला पाऊस टिपणाऱ्या गोव्याच्या डॉप्लर रडारचं चित्र हवामान खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतं. आमच्या घाटावरचा पाऊस पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो, त्यामुळं सत्तरी-वाळपईवर रंग गडद दिसले की तासा-दोन तासांत ते कणकुंबीवर असणार असं धरून चाला. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं काढलेलं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये टाका; आजूबाजूला कुठं वीज पडतेय ते त्यात कळतं.

तिसरी गोष्ट मी कुठल्याही अ‍ॅपच्या वर ठेवतो: गावातल्या माणसाला फोन. दुकानदार, शाळेतले गुरुजी, बसचा कंडक्टर, कुणीही चालेल. "मामा, ओढ्याला पाणी कसं आहे?" एवढंच विचारायचं. "आहे की, पण उतरतंय" आणि "काल रात्रीपासनं चढतंय" या दोन उत्तरांत तुमचा अख्खा दिवस ठरतो. ओळख नसेल तर निदान बातम्यांवर लक्ष ठेवा. हब्बनहट्टीचं मारुतीचं देऊळ मलप्रभेच्या पाण्याखाली गेल्याची बातमी दर पावसाळ्यात येते. ती आली की पुढचे काही दिवस त्या पट्ट्यातल्या जंगलवाटा सोडून द्यायच्या, असा मी स्वतःपुरता नेम केलाय.

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं पंचांगही कामाचं आहे. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस मिळून जवळपास सगळा जुलै जातो. नव्या माणसानं या चार आठवड्यांत आतल्या जंगलात जाऊ नये. भीमगड हे 2011 पासून अभयारण्य आहे, आत जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि पावसाळ्यात आतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली जाते. चोरून गेलात तर तुम्ही आत आहात हे कुणालाच माहीत नसतं. अडकल्यावर तेच सगळ्यात महागात पडतं. कॅसलरॉककडून दूधसागरला रुळांवरून चालत जाण्याचंही तसंच. रेल्वे कायद्याच्या 147 व्या कलमानं तो गुन्हा आहेच, शिवाय बोगद्यात पावसाच्या आवाजात गाडी ऐकू येत नाही.

पहिलाच पावसाळा असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड करा. वरपर्यंत रस्ता आहे, वाटेत ओढा नाही, आत सिद्धेश्वराचं देऊळ आहे, आणि भिजणं, वारा, धुकं या सगळ्याची ओळख तिथं धोक्याशिवाय होते. फक्त गडगडाट सुरू झाला की तटावर उभं राहू नका. आसपासच्या मैलभर शिवारात तीच सगळ्यात उंच जागा आहे.

निघताना घरी एका माणसाला सगळं लिहून द्या: कुठं जाणार, कोण कोण, गाडी कुठं लावणार, किती वाजता परत. आणि हे नक्की: "रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळव." चारपेक्षा कमी जणांनी जाऊ नये. एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदतीला जातात. एकट्यानं कुणी पळायचं नाही.

सॅकमध्ये काय

जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब शोषत राहतं. खेळाडू घालतात तसले लवकर वाळणारे कपडे घाला. गवळ्यांच्या खांद्यावरची घोंगडी बघितली असेल. ती जुन्या सवयीपोटी नसते. लोकर भिजली तरी ऊब बऱ्यापैकी टिकवते, वारा अडवते, आणि डोक्यावरून खोळीसारखी घेतली तर पाणी ओघळून जातं. आपल्याला तिचं ओझं झेपत नसेल तर लोकरीचा एक स्वेटर न्या.

कोरड्या कपड्यांचा एक जोड दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून, सॅकच्या तळाशी. हा जोड पाऊस पडत असताना चालायला घालायचा नाही, मन कितीही झालं तरी. तो आडोशाला थांबल्यावर किंवा रात्र काढायची वेळ आली तर. याशिवाय चौघांवर पांघरता येईल एवढी ताडपत्री, शिट्टी, बॅटरी (मोबाईलची धरायची नाही), पॉवर बँक, काडेपेटी, होकायंत्र, मीठ आणि तंबाखूची पुरचुंडी जळवांसाठी. छत्री नको. सड्यावरचा, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळपठारावरचा, वारा ती उलटी करतो, आणि तुमचा एक हात अडकून राहतो.

पायात काय घालावं यावर खूप पैसे खर्च होतात. गावातली माणसं शंभर-दोनशे रुपयांचे प्लॅस्टिकचे बूट घालून वर्षानुवर्षं त्याच वाटांवर चालतात, कारण त्यात पाणी थांबत नाही. तळवा गुळगुळीत झालेला नसणं महत्त्वाचं, बाकी चालतं.

खायला गूळ-खोबरं, शेंगालाडू, चिक्की. आणि हे चालता चालता हात घालून काढता येईल अशा खिशात हवं. का, ते पुढं 'गारठा' या भागात सांगतो.

चढताना ओढे मोजा

नवीन माणसाला मी हे पहिलं शिकवतो. वर जाताना ओलांडलेला प्रत्येक ओढा मोजायचा आणि त्याच्या काठावर मिनिटभर थांबायचं. पाणी कुठवर आहे? घोटा, पोटरी, गुडघा? काठाच्या झुडपांत आधीच्या पुराचा पाला-कचरा किती उंचीवर अडकलाय? तो तुमच्या छातीच्या वर असेल तर हा ओढा किती चढतो ते त्यानं स्वतःच दाखवून दिलं. खाली साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) आहे का? मग फोनमध्ये एक फोटो काढायचा, एखादा ठळक दगड चित्रात येईल असा. परतताना तोच दगड शोधायचा. दगड दिसला नाही की उत्तर मिळालं.

वेळ आधीच ठरवून निघा. मी दुपारी बाराची ठेवतो. बारा वाजता जिथं असू तिथून मागं, मग माथा 20 मिनिटांवर असला तरी. पावसाळ्यात सूर्य सातच्या सुमारास मावळत असला तरी कारवीच्या रानात, ढगाखाली, सहालाच पायाखालचं दिसेनासं होतं.

वाटेत एखादा गवळी, गुराखी किंवा भाताची लावण करणारी मावशी भेटली तर थांबा, बोला. "कुठं जातासा?" असं विचारतात ते चौकशी म्हणून नसतं. "आज नको जावा" म्हणाले तर कारण न विचारता मागं फिरा. पश्चिमेकडं, म्हणजे जांबोटी-कणकुंबी-भीमगड भागात, मराठीवर निभावतं. पाट्या मात्र कन्नडमध्ये असतात आणि खानापूरच्या पूर्वेला, गोकाक-सौंदत्तीकडं गेलात तर कन्नडच लागेल. 'मळे' म्हणजे पाऊस, 'होळे' म्हणजे नदी, 'दारी' म्हणजे वाट. "दारी यावदु?" एवढं आलं तरी वाट सापडते.

वीज

वळवाचा पाऊस आमच्याकडं दुपारनंतर, पूर्वेकडून येतो. एप्रिल-मे महिन्यात सकाळी कडक ऊन, दोनच्या सुमारास ढग काळवंडतात, वारा एकदम थंड होतो, मातीचा वास येतो. वारा फिरला की पाऊस बघत उभं राहायला वेळ नसतो. त्या महिन्यांत दुपारी एकच्या आत माथा सोडायचा.

आमचे सडे जांभ्या दगडाचे, वर्तुळात नजर फिरवली तर झाड नाही. अशा ठिकाणी उभा माणूस हीच सगळ्यात उंच वस्तू. वीज चमकली की मोजायला लागा. गडगडाट तीन सेकंदांनी आला तर ती एका किलोमीटरवर. 30 सेकंदांच्या आत आला म्हणजे 10 किलोमीटरच्या आत, आणि तेवढ्या अंतरावरून वीज तुमच्यावर येऊ शकते. त्याच क्षणी सडा सोडून उतरायला लागा.

सगळ्यात चांगला आडोसा पक्कं घर किंवा लोखंडी टपाची बंद गाडी. एकटं झाड नको, पत्र्याची उघडी शेड नको, दुचाकी नको, आणि कपारही नको. कड्याला असलेली उथळ कपार बघून हायसं वाटतं, पण दगडावरून धावणारी वीज कपारीच्या तोंडाची पोकळी उडी मारून ओलांडते, आणि मध्ये तुम्ही बसलेले असता. दाट रानात, सारख्या उंचीच्या झाडोऱ्यात उतरणं त्यापेक्षा बरं.

उतरायला वाटच नसेल तर एकमेकांपासून 15-20 मीटर लांब व्हा, म्हणजे सगळ्यांना एकदम झटका बसणार नाही. सॅकवर उकिडवं बसा, पाय जुळवून, कान झाकून. आडवं पडायचं नाही. जमिनीतून पसरणारा प्रवाह आडव्या अंगातून जास्त जातो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच उठा.

कुणाला वीज लागलीच तर त्याला हात लावायला भिऊ नका, अंगात वीज साठून राहत नाही. श्वास नसेल तर ताबडतोब छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाब द्यायला लागा, मिनिटाला 100 ते 120, पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. विजेनं थांबलेलं हृदय असं पुन्हा सुरू झाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

धुकं

ऐन पावसाळ्यात सड्यावर विजेपेक्षा धुकं जास्त वेळा गाठतं. पाच मिनिटांत चौघांतला चौथा दिसेनासा होतो. पहिलं काम: थांबा, सगळे एका जागी या, मोजा. मग पुढचा आणि शेवटचा माणूस ठरवा, शेवटच्याकडं शिट्टी द्या.

फोनचा जीपीएस नेटवर्कशिवाय चालतो, फक्त नकाशा घरूनच उतरवून ठेवलेला हवा. विमान-मोड लावला तर बॅटरीही टिकते. नकाशा नसेल तर ज्या वाटेनं आलात तिचाच माग काढा. सड्यावर गुरांच्या वाटा हव्या तितक्या आणि सगळ्या सारख्याच दिसतात. दहा मिनिटांत ओळखीची खूण आली नाही तर आधीच्या खुणेपर्यंत मागं जा.

आणि एक सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल: "वाट चुकली तर पाण्याबरोबर खाली उतरा, गाव लागतं." इथं तो धोक्याचा आहे. कणकुंबी ही पाणलोटाची धार आहे. इथं रामेश्वराच्या देवळाजवळ उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला, शेतांतून, गावांतून कृष्णेला मिळायला जाते. पण त्याच सड्यावरचा थोडा पलीकडचा ओहोळ पश्चिमेला वळतो आणि गोव्याच्या बाजूला सरळ कड्यावरून कोसळतो. महादयीचं खोरं त्या बाजूला. वज्रपोहा धबधबा लांबून बघताना डोळ्याचं पारणं फिटतं. धुक्यात त्याच्या माथ्याशी पाण्यामागोमाग चालत पोचण्याची कल्पना करा. पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते होकायंत्रावर बघितल्याशिवाय त्याच्या मागं जायचं नाही. पश्चिमेचं असेल तर त्याला सोडा.

ओढा

आता माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट. जून संपत आलेला. आम्ही पाच जण कणकुंबीच्या पुढं एका सड्यावर गेलो. सकाळी नऊला ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याला लागत होतं. एकानं बूटही काढले नाहीत. वर दोन तास तुफान पाऊस झाला. साडेतीनला परत आलो तर ओढा ओळखू येईना. पाण्याचा रंग चहासारखा, मधोमध फांद्या वाहताहेत, आणि आवाज असा की शेजारच्याला ओरडून सांगावं लागे. माझं मत होतं की हात धरून साखळी करू आणि पार होऊ. पलीकडं गाडी दिसत होती, पन्नास पावलांवर.

पलीकडच्या काठावर एक म्हातारा गवळी म्हशी घेऊन उभा होता. त्यानं दोन्ही हात वर करून थांबवलं. मग खाली बसून त्यानं मुठीएवढा दगड पाण्याच्या अगदी कडेला ठेवला आणि आम्हाला खुणेनं सांगितलं, तुम्हीही ठेवा. आम्ही ठेवला. दहा मिनिटांत दगड बुडाला. दुसरा ठेवला, वरती. तोही बुडाला, पण पंचवीस मिनिटांनी. तिसरा ठेवला तो बुडाला नाही. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये आधी बोटभर ओला चिखल दिसला, मग वीतभर. सहाला पाणी पोटरीएवढं झालं, रंग निवळला, आणि तळाचे गोटे दिसायला लागले. म्हातारा तोपर्यंत म्हशी सोडून गेला नव्हता. आम्ही पार झाल्यावर म्हणाला, "घाई कशाला करतासा? पाणी काय राहायला आलेलं नसतंय." त्या दिवसापासून मी प्रत्येक ओढ्याला दगड ठेवतो.

यामागचं कारण साधं आहे. आमच्याकडचे ओढे लहान, उताराचे आणि थोड्या पाणलोटाचे. जांभ्याच्या सड्यावरून पाणी मुरायच्या आत धावत येतं. म्हणून ते झटकन चढतात आणि वर पाऊस थांबला की दोन-चार तासांत उतरतातही. मलप्रभेसारख्या नदीला हे लागू नाही, ती दिवसचे दिवस उतरत नाही. ऑगस्ट 2019 च्या पुरात जिल्ह्यानं ते पाहिलंय. पण वाटेवरचा ओढा वाट बघणाऱ्याला बहुधा वाट देतो.

पाणी अचानक वाढणार असेल तर त्याआधी खुणा दिसतात. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणं, ओला पाला आणि काटक्या वाहत येणं, वरच्या बाजूनं घरघर ऐकू येणं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी फरक पडत नाही, पाऊस वर पडलेला असतो. धबधब्याखाली आंघोळ करताना यातलं एक जरी दिसलं तरी कपडे, बूट, फोन काही न उचलता काठावर चढा. गुडघ्याखालचं वेगवान पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडतं.

ओलांडायचंच असेल तर या अटी: पाणी गुडघ्याखाली, तळ दिसतोय, खालच्या अंगाला धबधबा किंवा अडकलेली झाडं नाहीत, आणि दगड सांगतोय की पाणी उतरतंय. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तरी थांबा. अरुंद जागा निवडू नका, तिथं पाणी खोल आणि जोरात असतं. पात्र रुंद पसरलेलं असेल तिथं जा. बूट पायात ठेवा. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, पडलात तर ती फेकता आली पाहिजे. तोंड वरच्या प्रवाहाकडं, हातात जाड काठी, काठी आणि दोन पाय यांतलं एकच एका वेळी हलवायचं. कंबरेला दोर बांधून कुणाला पाण्यात सोडू नका. पाय घसरला तर दोर माणसाला पाण्याखाली दाबून ठेवतो. शेवाळलेल्या दगडावरून उड्या मारण्यापेक्षा पाण्यातून चालणं बरं.

वाहून गेलातच तर उभं राहायची धडपड करू नका, पाय दगडात अडकतो. पाठीवर पडा, पाय पुढं आणि वर, आणि तिरकं काठाकडं सरका.

गारठा

बेळगावच्या माणसाला सांगितलं की जुलैत थंडीनं माणूस मरू शकतो, तर पटत नाही. सड्यावर तापमान 18-20 अंश असतं, त्याला कोण थंडी म्हणेल? पण भिजलेलं अंग, अंगावर वारा आणि पोटात काही नाही, हे तिन्ही एकत्र आले की शरीर जेवढी ऊब तयार करतं त्यापेक्षा जास्त बाहेर जाते. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगानं उष्णता ओढून घेतं.

मी हे फार जवळून बघितलंय. आमच्यातला एक जण, अंगानं सगळ्यात बारीक, दोन तास भिजल्यावर गप्प झाला. आम्हाला वाटलं थकला. त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, तर त्याला तो फोडता येईना. बोटं कागदावरून घसरत होती, अंगठा आणि तर्जनी जुळतच नव्हती, आणि तो त्या पुड्याकडं असा बघत होता जणू ती वस्तू दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे. तेव्हा कळलं की हे थकणं नव्हे. म्हणून खाऊ सहज निघेल असा खिशात ठेवा म्हटलं.

दर तासाला प्रत्येकानं अंगठा करंगळीला टेकवून दाखवायचा, आमचा हा नियमच झालाय. टेकवता येत नसेल, बोलणं जड होत असेल, चालताना पाय अडखळत असतील, सारखी हुडहुडी भरत असेल तर लगेच थांबा. वाऱ्याच्या आड जा, ताडपत्री चौघांवर घ्या, ओले कपडे काढून तो तळातला कोरडा जोड घाला, आधी धड आणि डोकं झाका. खाली सॅक किंवा पाला घालून बसवा, ओल्या जमिनीवर नाही. दोघांनी दोन बाजूंनी चिकटून बसा. शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल तर गोड खायला द्या. हातपाय चोळू नका, दारू तर मुळीच नको. तिनं ऊब वाटते आणि प्रत्यक्षात ऊब निघून जाते. हुडहुडी थांबली पण माणूस भलतंसलतं बोलायला लागला किंवा झोपेला आला, तर तो बरा झालेला नाही, जास्त बिघडलाय. मग त्याला चालवायचं नाही, हळुवार हलवायचं आणि 112 किंवा 108.

रात्र काढायची वेळ आली तर

अंधार पडला आणि मध्ये ओढा असेल तर रात्र तिथंच काढायची. भिजलेली, उपाशी, कंटाळवाणी रात्र होईल, पण सकाळी पाणी उतरलेलं असेल. ओढ्यापासून निदान दहा-पंधरा हात उंच जागा बघा. जिथून माती सुटलीय, झाडं कललीत किंवा उतारातून गढूळ पाणी पाझरतंय त्या दरडीखाली बसू नका. भीमगडच्या बाजूला अस्वलं आणि गवे आहेत, त्यामुळं आपसात बोलत राहा, अन्न उघडं ठेवू नका. बॅटरी अधूनमधूनच लावा.

फोन एका जागी लागत नसेल तर थोडं उंचावर लागतो, पण त्यासाठी अंधारात एकट्यानं चढायचं नाही. बोलणं होत नसेल तेव्हाही संदेश कधी कधी जातो. घरच्या माणसाला जागा आणि माणसांची संख्या लिहून पाठवा. 112 लागला तर लक्षात ठेवा, सीमेवर तुमचा फोन गोव्याच्या टॉवरला लागलेला असू शकतो. म्हणून पहिल्याच वाक्यात "कर्नाटक, बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका" आणि मग जवळचं गाव सांगा. भाषेची अडचण आली तरी ही नावं कळतात. जमल्यास जीपीएसचे आकडे वाचून दाखवा. मग जागा बदलू नका.

शिट्टीची खूण: मिनिटभरात सहा वेळा, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. ओरडण्यानं घसा बसतो आणि पाण्याच्या आवाजात पन्नास पावलांवरही ऐकू जात नाही.

परत आल्यावर

गाडीपाशी पोचलात की आधी सगळे मोजा, मग कोरडे कपडे, मग गोड काहीतरी. जळवा ओढून काढू नका, मीठ किंवा ओली तंबाखू लावली की सुटतात. रक्त थोडा वेळ वाहतं, त्याला घाबरायचं कारण नाही. चोर्ला घाटात दरडी येतात, म्हणून धुक्यात वळणावर गाडी थांबवून फोटो काढू नका. चालवणारा गारठलेला असेल तर दुसऱ्यानं चालवा. जांबोटीला चहा घ्या, तिथं फोनला रेंज येते. घरच्या त्या माणसाला, ज्याच्याकडं आठची वेळ लिहून दिलीय, तिथूनच फोन करा. आणि आदल्या दिवशी ओढ्याचं पाणी विचारायला ज्या मामांना फोन केला होता, त्यांनाही एक.